पाय टेकण्यापुरते

मोटारसायकलीच्या माहितीपत्रकात सीटची उंची म्हणून जो आकडा छापतात तो कोणीही न बसलेल्या, सरळ उभ्या केलेल्या गाडीचा असतो, आणि सीटच्या सर्वांत खोल जागेपासून जमिनीपर्यंतचे अंतर एवढेच त्यात मोजलेले असते. रॉयल एन्फिल्डच्या सध्याच्या क्लासिक ३५० या गाडीच्या बाबतीत हा आकडा ८०५ मिलिमीटर आहे आणि गाडीचे वजन, पेट्रोल व तेल धरून, १९५ किलो आहे. यांच्या शेजारी माणसांचे आकडे ठेवून पाहावेत. जगभरातील लोकांच्या उंचीचा शंभर वर्षांचा आढावा घेणारा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटीमीटर आणि स्त्रीची सुमारे १५३ सेंटीमीटर भरते. त्याच वयाचा ब्रिटिश पुरुष १७७ च्या पुढे आणि ब्रिटिश स्त्री १६४ च्या आसपास आहे. जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी ढोबळ मानाने एकूण उंचीच्या ४५-४६ टक्के धरली, तर भारतीय पुरुषाचा पाय ७५ सेंटीमीटरच्या आणि स्त्रीचा ७० सेंटीमीटरच्या घरात जातो. ‘हाइट कमी पडते’ असे सांगून ज्या गिऱ्हाइकाला शोरूममधून दुसऱ्या गाडीकडे वळवले जाते, ते गिऱ्हाईक पुष्कळदा या देशाचे सरासरी माणूस असते.

ही उंची कोणाच्या मापाची, हे रॉयल एन्फिल्डच्याच बुलेट या गाडीच्या इतिहासातून बरेचसे उलगडते. बुलेट हे नाव रेडिच या इंग्लंडमधील गावच्या कारखान्याने १९३२ मध्ये प्रथम वापरले, आणि आज जिला जुनी बुलेट म्हणतात तिचा मूळ आराखडा १९४८-४९ मधला आहे. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला पक्के जखडलेले असे आणि खड्ड्यांचे धक्के केवळ सीटखालच्या स्प्रिंगा सोसत; चाक सांगाड्याच्या मानाने वर-खाली होतच नसल्यामुळे मडगार्ड चाकाला चिकटून आणि सीट टाकीमागच्या खोलगट जागेत, खाली बसवता येत असे. नव्या बुलेटला मागे हलता दांडा मिळाला, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक चिमटा म्हणतात. चाक त्याच्यासह वर-खाली होऊ लागले, आणि त्या हालचालीसाठी चाकावर मोकळी जागा राखणे भाग पडले. पुढे दोघांना बसता येईल अशी लांब, सपाट सीट रूढ झाली आणि ती या मोकळ्या जागेच्याही वर गेली. पाठीच्या कण्याला मिळालेल्या सुखाची किंमत अशा रीतीने पायांनी मोजली, आणि इंग्लंडमधल्या पायांना ती फारशी जाणवली नाही.

भारतात ही गाडी आली ती मुळात सैन्याच्या गस्तीसाठी. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारीत एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली, मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूरला गाडी बनू लागली, आणि रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडल्यानंतरही इथले उत्पादन चालू राहिले. सैन्य आणि पोलीस हे तिचे आरंभीचे मोठे ग्राहक, आणि ही दोन्ही खाती माणसे निवडतानाच भिंतीला उभे करून उंची मोजतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत आजही पुरुषाला किमान १६५ आणि स्त्रीला १५५ सेंटीमीटरची अट आहे. ज्या यंत्राचे स्वार आधीच पट्टीने गाळून घेतलेले होते, त्या यंत्राची उंची कमी करण्याची गरज कारखान्याला भासली नाही यात नवल नाही. बुलेटवर बसण्यासाठी भारदस्त देहयष्टी लागते हा समज याच निवडीतून आला असावा, आणि मग तो यंत्राचा गुणधर्म असल्यासारखा सांगितला जाऊ लागला.

माहितीपत्रकातला आकडा अपुरा का पडतो, हे समजून घेतल्याशिवाय गाडीत बदल करायला हात घालू नये. पहिले कारण रुंदीचे आहे. स्वाराचे पाय सीटवरून सरळ खाली जात नाहीत. ते आधी सीटच्या आणि बाजूच्या डब्यांच्या कडेवरून बाहेर वळतात आणि मग जमिनीकडे उतरतात, त्यामुळे सारख्याच उंचीच्या दोन सीटांपैकी पुढच्या बाजूला जी अरुंद असेल तिच्यावरून पाय अधिक खाली पोचतो. दुसरे कारण दबण्याचे आहे. स्वार बसला की त्याच्या भाराने स्प्रिंगा काही प्रमाणात दबतात आणि गाडी खाली येते. ७५-८० किलोच्या माणसाखाली ती जेवढी उतरते तेवढी ५० किलोच्या माणसाखाली उतरत नाही. आखूड पायांचा माणूस बहुधा हलकाही असतो, म्हणजे छापील उंची सर्वांना सारखी असली तरी प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येणारी सीट उंच माणसाच्या सीटपेक्षा अधिक उंच असते. हा अन्याय आकड्यात कुठेच दिसत नाही.

म्हणूनच उपायांची सुरुवात तिथूनच व्हावी जिथे काहीच कापावे लागत नाही. मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट शॉकअप म्हणतात, स्प्रिंगेला आधीच किती ताण देऊन ठेवायचा हे ठरवणारे एक पायऱ्यांचे कडे असते. या आगाऊ ताणाला प्रीलोड म्हणतात आणि आकड्याच्या पान्याने ते कडे फिरवता येते. हलक्या स्वाराने ते सर्वांत खालच्या पायरीवर आणले तर गाडी त्याच्या वजनाला थोडी अधिक दबते आणि काही मिलिमीटर फुकट मिळतात. त्याच वेळी ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, गिअरचा व ब्रेकचा दांडा आणि हँडलचा कोन स्वाराच्या हातापायांप्रमाणे लावून घ्यावा, कारण पाय टेकत नाहीत ही तक्रार करणाऱ्यांपैकी काहींची खरी अडचण हात ताणले गेल्यामुळे टाकीकडे सरकून बसता येत नाही ही असते. जाड आणि टणक तळाचे बूट हाही उपायच आहे, आणि तो गाडीला स्पर्शही करत नाही.

खरा फरक पडतो तो सीटमध्ये. सीट म्हणजे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे तळपान, त्यावर फोम आणि वरून रेक्झिनचे आवरण. यांतला फोम हाच असा भाग आहे की जो कापला, बिघडला, पुन्हा घातला तरी गाडीच्या चालीत फरक पडत नाही. कामाची माहिती असलेला सीटवाला फोम सगळीकडून सारखा उतरवत नाही. स्वार जिथे बसतो तिथे तो साधारण इंचभर काढतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाकीला लागून असलेल्या नाकाच्या दोन्ही कडा तो तिरप्या छाटतो, कारण उभे राहताना मांड्या तिथूनच खाली जातात. पुष्कळदा कडांच्या या छाटणीने मिळणारा लाभ उंची कमी करून मिळालेल्या लाभाइतकाच भरतो. काढलेल्या मऊ फोमच्या जागी पातळ पण अधिक घट्ट फोमचा थर दिला नाही तर तासाभराच्या प्रवासात तळपान बोचू लागते, आणि खोलगा फार केला तर प्रत्येक ब्रेकला स्वार टाकीवर घसरतो. गुडघ्याचा कोनही आवळला जातो, कारण फुटरेस्ट आहे तिथेच राहतो आणि बैठक तेवढी खाली येते; बुटक्या स्वाराला हा कोन सहसा सोसतो, मागे बसणाऱ्या उंच माणसाला मात्र दोन पातळ्यांची सीट चमत्कारिक वाटते. एकट्या स्वारासाठी मिळणारी स्प्रिंगांची जुन्या ढंगाची सीट पाहून ती ठेंगणी असेल असे वाटते, पण स्प्रिंगांनाही स्वतःची उंची असते, तेव्हा ती विकत घेण्याआधी तिच्यावर बसून पाहावे. मूळ सीट कापण्याऐवजी दुसरी, वापरलेली सीट आणून तिच्यावर हे काम करावे, म्हणजे पहिली अखंड राहते.

इतके करूनही भागले नाही तरच शॉकअपकडे वळावे, आणि वळताना भूमितीची थोडी ओळख करून घ्यावी, कारण येथे एका ठिकाणी केलेला बदल चार ठिकाणी उमटतो. मागचे शॉकअप इंचभर आखूड बसवले की मागची बाजू जवळजवळ तेवढीच खाली येते, परंतु स्वार दोन चाकांच्या मध्ये बसलेला असल्यामुळे सीट खाली येते ती त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच. म्हणजे इंच देऊन पाऊण इंचही हाती येत नाही. उलट सांगाडा मागे झुकल्यामुळे पुढच्या फोर्कचा उतार सुमारे एका अंशाने वाढतो, आणि त्याबरोबर ट्रेलही वाढतो. हँडल ज्या आसावर फिरते तो आस पुढे वाढवला असता जमिनीला जिथे भिडेल तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो तो बिंदू यांतील अंतराला ट्रेल म्हणतात. तो पाच-सहा मिलिमीटरने वाढला तर सरळ रस्त्यावर गाडी अधिक स्थिर वाटते, परंतु गर्दीत, कमी वेगात, हँडल जड लागते. आणि बुटक्या स्वाराला गाडी हलकी हवी असते ती नेमकी तिथेच. पोटाखालची मोकळी जागाही बारा-पंधरा मिलिमीटरने घटते. नव्या क्लासिकमध्ये ती १७० मिलिमीटर आहे, जुन्या बुलेटमध्ये मुळातच १४० च्या आत-बाहेर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर असावा, पण गल्लीबोळांतले गतिरोधक ही शिफारस वाचून बांधलेले नसतात.

सर्वांत विचित्र परिणाम स्टँडवर होतो. मेन स्टँड सांगाड्याला जोडलेला असतो. सांगाडा खाली आला की स्टँडचे पाय जमिनीला आधीच टेकतात आणि गाडी स्टँडवर चढवण्यासाठी ती पूर्वीपेक्षा अधिक वर उचलावी लागते, तेव्हा ज्याच्या सोयीसाठी गाडी खाली आणली त्यालाच ती उभी करण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते. साइड स्टँडचे उलटे होते. तो आता लांब पडतो, गाडी पुरेशी कलत नाही आणि जराशा धक्क्याने उजवीकडे कोसळते. त्यामुळे तो कापून आखूड करणे क्रमप्राप्त ठरते. साखळीचा सैलपणा पुन्हा जुळवावा लागतो, हेडलॅम्पचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून खाली करावा लागतो, आणि जोडीदारासह खड्ड्यात चाक मडगार्डला घासत नाही ना, हे तपासावे लागते.

यावर सुचवला जाणारा शहाणपणाचा उपाय म्हणजे पुढची बाजूही तेवढीच खाली आणणे, म्हणजे कोन बदलत नाहीत. अनेक गाड्यांत फोर्कच्या नळ्या धरणारे पट्टे सैल करून नळ्या वर सरकवता येतात. जुन्या बुलेटला ते जमत नाही, कारण हेडलॅम्प ज्या एकसंध ओतीव टोपणात बसवलेला असतो त्यातच या नळ्यांची वरची टोके आट्यांनी घट्ट बसतात. तिथे आतल्या स्प्रिंगांनाच हात घालावा लागतो, आणि तो सराईत मेकॅनिकचा प्रांत आहे. स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याची जी पद्धत काही गॅरेजांत चालते ती तर सरळ टाळावी: कापलेली स्प्रिंग आखूड होते तशीच ताठरही होते, आणि हलक्या स्वाराला मुळातच ताठर असलेली गाडी आणखी आदळते.

पाय टेकण्याचा प्रश्न थांबलेल्या गाडीचा आहे, चालत्या गाडीचा नाही, हे विसरले जाते. मोटोजीपी या सर्वोच्च शर्यतीत ३१ विजय मिळवणाऱ्या आणि त्याआधी लहान गटांत तीन वेळा जगज्जेता ठरलेल्या स्पेनच्या दानी पेद्रोसाची उंची जेमतेम १६० सेंटीमीटर आहे. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात कोणाचाच पाय टेकत नाही, आणि शर्यत सुटण्याआधी गाडी धरायला माणसे असतात. शहरातल्या स्वाराच्या मदतीला ती नसतात. त्याच्यासाठी सरावाची काही तंत्रे उपयोगी पडतात, त्यांतले मुख्य म्हणजे दोन्ही पायांचे चवडे टेकवण्याची धडपड सोडून सीटवर किंचित एका बाजूला सरकायचे आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा.

कोणता पाय, याचे उत्तर जुन्या आणि नव्या बुलेटमध्ये निराळे आहे. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधून कडेला उतरते बांधतात, आणि वाहतूक डावीकडून चालत असल्यामुळे स्वाराच्या डाव्या पायाखालची जमीन उजव्या पायाखालच्या जमिनीपेक्षा थोडी खाली असते. उतार दोन-अडीच टक्के असला तर पायांमधल्या अंतरात हा फरक सेंटीमीटरभर किंवा अधिकही पडतो. अंगठ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला सेंटीमीटर थोडा नसतो. आताच्या गाड्यांत मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो, तेव्हा चढावर ब्रेक दाबून थांबायचे तर डावा पाय टेकवावा लागतो, म्हणजे खालच्या बाजूला. जुन्या बुलेटमध्ये गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असे. तिचा स्वार डाव्या पायाने ब्रेक धरून उजवा पाय उंच बाजूला टेकवू शकत असे. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉयल एन्फिल्डने गिअर डावीकडे नेला, आणि शिकणाऱ्यांच्या व निर्यातीच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण आखूड पायांच्या स्वाराला मिळणारी ही नकळत सवलत त्याबरोबर गेली. जुन्या गाडीचे वेड असणाऱ्या बुटक्या माणसाने उजव्या गिअरची बुलेट शोधावी, यामागे एवढे तरी व्यवहारी कारण आहे.

किकचेही तसेच. जुनी बुलेट किक मारून सुरू करायला पैलवान लागतो अशी ख्याती आहे, आणि जोर लावून किक मारणाऱ्याच्या घोट्याला ती उलटा फटका देते हे खरेही आहे. परंतु गाडीवर दिलेली साधने वापरली तर वजनाची गरज फारशी उरत नाही. चावी फिरवून किक सावकाश दाबत गेले की अ‍ॅमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा एका टप्प्यावर मध्यावर येतो. दट्ट्या दाबाच्या टोकाशी पोचल्याची ती खूण. तिथे डिकॉम्प्रेसर, म्हणजे एक्झॉस्टची झडप उघडून आतला दाब सोडणारा छोटा लिव्हर, दाबून किक थोडी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण फेरीची एकच सलग किक मारायची. गाडी मेन स्टँडवर असेल तर हे सारे ५० किलोच्या माणसालाही साधते.

असे बदल करणाऱ्यांना जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून एक आक्षेप हमखास ऐकावा लागतो: गाडीचे मूळपण जाते. आक्षेप अगदीच निराधार नाही. चेसिस कापून सीट खाली बसवणे, मागचे मडगार्ड छाटणे, सांगाड्याला नवे वेल्डिंग करणे, ही कामे परत फिरवता येत नाहीत आणि ती कायद्यातही बसत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. पण सीटचा फोम, प्रीलोड, हँडलचा कोन, फार तर शॉकअप, हे सगळे पुन्हा काढून पूर्ववत करता येते. शिवाय ज्या गाडीला कारखान्यानेच आधी हलता चिमटा, मग बटणाचा स्टार्टर, मग नवे इंजिन आणि दुसऱ्या बाजूचा गिअर दिला, तिचे मूळपण नेमके कोणत्या सालचे धरायचे? बिनवापराची गाडी झाकून ठेवून जपलेल्या मूळपणापेक्षा रोज चालवली जाणारी, इंचभर खाली आलेली बुलेट अधिक खरी बुलेट आहे, असे म्हणण्यात काही वावगे नाही.

पुण्यात २०११ मध्ये ‘द बायकर्नी’ हा स्त्री-मोटारसायकलस्वारांचा गट सुरू झाला, आणि गिरगाव, ठाणे, डोंबिवली येथील गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या स्त्रिया आता सवयीचे दृश्य झाल्या आहेत. वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात ती फेट्यासाठी आणि नथीसाठी. परंतु मोटारसायकलीच्या दृष्टीने पाहिले तर ढोलपथकामागून दहा पावले जाऊन थांबणे, पुन्हा दहा पावले जाणे, क्लच अर्धा दाबून चालवणे, १९५ किलोचे यंत्र पुन्हा पुन्हा एका पायावर तोलणे, हीच उंचीची सर्वांत कठीण परीक्षा आहे. महामार्गावरचा वेग तिच्यापुढे सोपा. या स्त्रियांपैकी पुष्कळजणींनी सीट उतरवून घेतलेली असते किंवा कडेवरून पाय टेकवण्याचे तंत्र कमावलेले असते, आणि त्याची दखल कुठे घेतली जात नाही.

वस्तू माणसाच्या शरीराप्रमाणे घडवायच्या तर आधी शरीराची मापे लागतात, आणि ती घेण्याच्या शास्त्राला मानवमिती म्हणतात. अमेरिकी अभिकल्पक हेन्री ड्रेफस यांनी १९५५ मध्ये ‘डिझायनिंग फॉर पीपल’ या पुस्तकात जो आणि जोसेफाइन या सरासरी पुरुषाच्या व स्त्रीच्या आकृत्या मांडल्या. एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली तेही हेच साल. भारतीय शरीरांची मापे संकलित करणारे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने प्रसिद्ध केले ते १९९७ मध्ये. मापे आता हाताशी आहेत, आणि उत्पादकांना ती दिसत नाहीत असेही नाही; मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आणि सुपर मीटिऑर ६५० ची ७४० मिलिमीटरवर आली ती काही अपघाताने नव्हे. फक्त त्या वेगळ्या घडणीच्या, पाय पुढे टाकून चालवायच्या गाड्या आहेत, आणि ज्याला बुलेट हवी आहे त्याला मीटिऑर दाखवणे हे उत्तर नाही.

बीएमडब्ल्यू आपल्या मोटारसायकलींच्या तपशिलात सीटच्या उंचीबरोबर आणखी एक आकडा छापते: एका पायाच्या तळव्यापासून निघून, पायाच्या आतील बाजूने सीटवरून जाऊन, दुसऱ्या पायाच्या तळव्यापर्यंतची वळणदार लांबी. उंची आणि रुंदी दोन्ही त्यात आपोआप मोजल्या जातात, आणि घरी शिंप्याच्या टेपने स्वतःचे माप घेऊन कोणालाही ती ताडून पाहता येते. क्लासिक आणि बुलेट बनवणाऱ्यांनी हा एक आकडा आपल्या माहितीपत्रकात छापावा, आणि कमी उंचीची, अरुंद नाकाची एक सीट कारखान्यातूनच पर्याय म्हणून द्यावी. दोन्ही कामांसाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही.